आक्रमण झालेल्या देशाने लगेच वाटाघाटीला बसावं का? (वादविवादासाठी मुद्दे हवेत)

गोपाचल
मंडळी, यंदा गणेशोत्सवात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मंडळाने कॉलेजच्या मुलांसाठी वादविवादाचा विषय ठेवलाय: "आक्रमण झालेल्या देशाने सुरुवातीलाच शांततेच्या वाटाघाटी कराव्यात." पहिली टिपणं आली आहेत. अर्ध्या मुलांनी "युद्ध वाईट" लिहिलंय, उरलेल्यांनी "शरणागती नको". एवढ्यावर सात मिनिटं कशी निघणार? म्हणून इथे विचारतोय. तारखा, कलमं, कुठे जमलं, कुठे फसलं आणि का, हे द्या. युक्रेन येणारच, पण फक्त युक्रेन नको. पानिपत कृपया कोणी काढू नका, तो धागा मग दिवाळीपर्यंत चालतो.

चंबळकाठ
गोपाचलराव, मुलांना आधी तीन कामं वेगळी करायला लावा: बोलणी सुरू करणं, गोळीबार थांबवणं आणि कागदावर सही करणं. निम्मा गोंधळ हे तिन्ही एकत्र कालवल्यामुळे होतो.

बोलणी सुरू करायला जवळजवळ काहीच लागत नाही. युक्रेनवर हल्ला झाला २४ फेब्रुवारी २०२२ ला आणि २८ फेब्रुवारीला दोन्ही शिष्टमंडळं बेलारूसच्या गोमेल भागात समोरासमोर बसली होती. मग ३ आणि ७ मार्चला पुन्हा. १० मार्चला तुर्कस्तानात अंताल्याला दोन्ही परराष्ट्रमंत्री भेटले. तेव्हा "युक्रेन बोलायलाच तयार नव्हता" हे वाक्य कोणी टाळ्यांसाठी टाकलं तर समोरच्याने चौथ्या दिवसाची ही तारीख पुढे करावी.

बोलण्याचा रस्ता उघडा ठेवला की तह झाला नाही तरी कामं होतात. नागरिकांना बाहेर काढायचे मार्ग, कैद्यांची अदलाबदल, मृतदेह परत. जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार झाला तो भर युद्धात. वर्षभर टिकला, १७ जुलै २०२३ ला रशिया त्यातून बाहेर पडला. मे २०२५ मध्ये इस्तंबूलच्याच बैठकीतून हजारास हजार कैदी सुटले. आघाडीवर त्या दिवशीही तोफा चालूच होत्या.

गोळीबार थांबवणं मात्र फार वेगळी गोष्ट आहे, आणि लवकर थांबवला तर त्याचा फायदा बहुतेक वेळा आत घुसलेल्याला होतो. तो जिथे उभा आहे तिथेच रेघ पडते.

मोरारकर
२९ मार्च २०२२ च्या रशिया-युक्रेन इस्तंबूल मसुद्याबद्दल मी लिहिते, कारण दोन्ही बाजूंची मुलं तो वापरणार आणि दोन्ही बाजू अर्धाच वापरणार.

युक्रेनने मान्य केलेलं असं: कायमची तटस्थता, नाटोत जाणार नाही, अण्वस्त्रं नाहीत, परदेशी तळ नाहीत. क्रिमियाबद्दल (२०१४ पासून रशियाच्या ताब्यात) १५ वर्षं द्विपक्षीय चर्चा. बदल्यात सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांसह काही देशांची हमी: पुन्हा हल्ला झाला तर तीन दिवसांत सल्लामसलत आणि मग प्रत्यक्ष मदत, त्यात शस्त्रं, आकाश बंद करणं (शत्रूची विमानं उडू न देणं), सैन्यसुद्धा. युरोपियन युनियनची वाट मोकळी. वाचताना वाटतं, जमलंच होतं की.

अडलं कुठे ते एप्रिलच्या मध्यातल्या मसुद्यात दिसतं. रशियाने हमीच्या कलमात घातलं की मदतीचा निर्णय सर्व हमीदारांच्या संमतीने होईल. हमीदारांत रशिया स्वतः होता. म्हणजे पुन्हा हल्ला करणाऱ्याच्याच हातात नकाराधिकार. ज्याच्यापासून संरक्षण हवं त्यालाच चावी.

दुसरं, सैन्याची मर्यादा. रशियाचा आकडा ८५ हजार सैनिक आणि ३४२ रणगाडे, युक्रेनचा अडीच लाख आणि ८००. क्षेपणास्त्रांचा पल्ला रशियाला ४० किमीच्या आत हवा होता, युक्रेन २८० म्हणत होता. ४० किमीत आघाडीमागचा दारूगोळ्याचा साठासुद्धा नीट गाठता येत नाही. हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, भाषणाची गरज कमी होईल.

तिसरं म्हणजे हमी देणारे देश त्या टेबलावर नव्हतेच. त्यांच्या नावाने दोघे आश्वासन लिहीत होते. ब्रिटन-अमेरिका युक्रेनसाठी रशियाशी थेट लढायला तयार आहेत का, हे कोणी आधी ठरवलेलं नव्हतं. १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रात अण्वस्त्रांच्या बदल्यात आश्वासनं मिळाली होती, त्यांचं काय झालं ते युक्रेनने २०१४ मध्ये पाहिलं होतं.

छावणीकर
ताई, सगळं खरं, पण ९ एप्रिलला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन कीव्हला गेले आणि "सही करू नका" म्हणाले, हे गाळलंत. युक्रेनच्याच शिष्टमंडळाच्या प्रमुखाने, अराखामियाने, २०२३ च्या मुलाखतीत ते सांगितलंय. बाहेरच्यांनी तह मोडला असं म्हणायला जागा आहे.

मोरारकर
गाळलं नाही, ओघात आलं नाही. त्याच मुलाखतीत तो म्हणतो की रशिया शब्द पाळेल यावर विश्वास नव्हता आणि तटस्थतेसाठी राज्यघटना बदलावी लागली असती. शिवाय जॉन्सन येऊन गेल्यावरही मसुद्यांची देवाणघेवाण चालू होती, वर दिलेले सैन्याचे आकडे त्यानंतरचेच आहेत. जॉन्सनच्या भेटीचा परिणाम शून्य असं मी म्हणत नाही. पण एप्रिलच्या सुरुवातीला रशियन फौज कीव्हच्या उत्तरेतून मागे गेली आणि कीव्हजवळच्या बुचाच्या रस्त्यांवर प्रेतं सापडली. त्यानंतर कुठल्याही सरकारला सही करणं अवघड होतं, लंडनहून कोणी येवो न येवो.

नकाशेवाला
गोळीबार थांबवण्यातलं तांत्रिक कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. शस्त्रसंधी फसते ती बहुतेक वेळा भावनेमुळे नाही, रेघेमुळे आणि क्रमामुळे फसते.

पूर्व युक्रेनमधल्या लढाईवरचा मिन्स्कचा दुसरा करार घ्या, १२ फेब्रुवारी २०१५. गोळीबार १५ तारीख लागताना, मध्यरात्री थांबायचा होता. देबाल्त्सेवे हे रेल्वे जंक्शन कोणाच्या बाजूला हे कागदावर स्पष्ट नव्हतं. १८ फेब्रुवारीला ते रशियाच्या बाजूच्या बंडखोरांच्या हाती पडलं. अवजड तोफा मागे घ्यायची अंतरं मात्र काटेकोर लिहिली होती: १०० मिमी आणि वरच्या तोफांसाठी ५० किमीचा पट्टा, रॉकेट लाँचरना ७०, सर्वात लांब पल्ल्याच्यांना १४०. पण मोजायचं कुठून? युक्रेनने प्रत्यक्ष आघाडीपासून, आणि बंडखोरांनी सप्टेंबर २०१४ च्या रेघेपासून. एका कागदात दोन रेघा. देखरेखीला होते ते निःशस्त्र निरीक्षक, त्यांना अडवलं की ते परत फिरत.

क्रमाचं त्याहून वाईट. सीमेचा ताबा युक्रेनला मिळायचा होता तो स्थानिक निवडणुकांनंतर. युक्रेन म्हणे सीमा उघडी असताना, पलीकडून माणसं आणि बंदुका येत असताना निवडणूक कसली? रशिया म्हणे आधी निवडणूक, कागदात तसंच आहे. कागदात तसंच होतं, हे खरंच. लढाई हरत असताना सही केली की क्रम समोरचा ठरवतो.

जॉर्जिया, ऑगस्ट २००८: रशियाशी युद्ध पाच दिवसांत संपलं, फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझींनी सहा मुद्द्यांचा कागद आणला. पाचव्या मुद्द्यात रशियन फौजेला आंतरराष्ट्रीय व्यवस्था होईपर्यंत "अतिरिक्त सुरक्षा उपाय" करायची मुभा होती. किती किलोमीटर, किती दिवस, काही नाही. त्या तीन शब्दांवर रशियन चौक्या जॉर्जियाच्या आत बसल्या आणि २६ ऑगस्टला रशियाने दक्षिण ओसेतिया आणि अबखाझिया या जॉर्जियाच्या दोन्ही प्रांतांना देश म्हणून मान्यताही देऊन टाकली.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर जुलै १९४९ चा कराची करार. युद्धबंदी रेघ एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली आणि पुढे लिहिलं "तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत". वर कोण जाणार, असा हिशेब असावा. १९८४ ला सियाचेनवर फौजा गेल्याच.

चांगलं उदाहरण कोरिया. १९५३ ला दोन्ही फौजा रेघेपासून दोन-दोन किमी मागे, मध्ये चार किमी रिकामा पट्टा, आणि रेघ नकाशाच्या पानांवर आखून करारालाच जोडलेली. तह आजतागायत नाही, रेघ मात्र टिकली.

गोपाचल
हे उत्तम. कोरियात बोलणी किती काळ चालली? आणि एवढा वेळ का लागला?

चंबळकाठ
१० जुलै १९५१ ला केसाँगमध्ये सुरू, नंतर पान्मुन्जोम, सही २७ जुलै १९५३. रेघेचा वाद बराच आधी मिटला होता. अडलं कैद्यांवर: ज्यांना परत जायचं नाही त्यांना जबरदस्तीने पाठवायचं का? शेवटी अशा बावीस हजारांहून जास्त कैद्यांची जबाबदारी तटस्थ देशांच्या आयोगाकडे दिली. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. आपल्या मुलांना ही नावं माहीत असायला हवीत.

पण या दोन वर्षांची किंमतही मोजावी लागली. अमेरिकन सैन्याची जवळजवळ निम्मी हानी बोलणी सुरू झाल्यानंतरची आहे, आणि आघाडी तेवढ्या काळात फारशी हलली नाही. "बोलत लढा" याचीही किंमत असते.

सालबाईफाटा
ग्वाल्हेरात बसून सालबाईचं नाव अजून कसं निघालं नाही? डबऱ्याच्या बाजूचं हे गाव आणि विषय थेट हाच.

इंग्रजांची फौज पुण्यावर चालून आली, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला वेढून मराठ्यांनी करार लिहून घेतला. जिंकलेल्या बाजूने, लवकर केलेला करार. मुंबईकर आणि कलकत्ता दोघांनीही तो नाकारला: सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता म्हणे. अधिकार नसल्याचं त्यांनी सही करताना सांगितलंही होतं, तरी आपल्या लोकांनी घेतली. फौज वेढ्यातून सुटली आणि युद्ध पुन्हा सुरू. इंग्रजांच्या गॉडर्डने अहमदाबाद आणि वसई घेतली, ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री त्यांच्याच पॉपहॅमच्या माणसांनी आपला ग्वाल्हेरचा किल्ला शिड्या लावून घेतला. मुलांनी लिहावं: समोर बसलेल्याकडे अधिकारपत्र आहे का आणि हातची पकड सोडण्याआधी त्याच्या वरिष्ठाची मंजुरी आली का, हे आधी पाहा.

पुढे महादजींनी ऑक्टोबर १७८१ मध्ये इंग्रजांच्या कर्नल म्यूरशी स्वतःपुरता समझोता केला आणि मग दोन्ही पक्षांत मध्यस्थ झाले. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह. पुरंदरच्या (१७७६ च्या) तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख परत, वसईसुद्धा. साष्टी गेली ती गेली. रघुनाथरावांना महिना २५ हजारांची नेमणूक आणि इंग्रजांनी त्यांचा हात सोडला. ज्या कारणाने युद्ध पेटलं तेच कारण तहाने विझवलं, म्हणून वीस वर्षं इंग्रजांशी युद्ध नाही. तह टिकण्याची ही खूण मला सगळ्यात मोठी वाटते.

आणि नाना फडणीस! वॉरन हेस्टिंग्जने महिन्याभरात मंजुरी दिली, नानांनी १७८३ च्या फेब्रुवारीपर्यंत ताणलं. हैदर अली तेव्हा इंग्रजांशी लढत होता. तो लढतोय तोवर मंजुरीला किंमत. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला, किंमत उतरली, मग शिक्कामोर्तब. मसुदा एका दिवशी, मंजुरी आपल्या सोयीच्या दिवशी.

छावणीकर
सालबाईचं कौतुक बाजूला ठेवून १८०३ ही बघा. शिंदे-भोसले इंग्रजांशी असई, लासवारी, अडगावच्या लढाया हरले, मग गाविलगड १५ डिसेंबरला पडला. दोन दिवसांत नागपूरकर भोसल्यांनी देवगावला वेगळा तह केला, कटक आणि वऱ्हाड देऊन. शिंदे एकटे पडले, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव. गंगा-यमुना दोआब, दिल्ली-आग्रा, भडोच, अहमदनगर गेलं. मित्राने आधी सही केली की उरलेल्याचा भाव कोसळतो. युक्रेनच्या बाबतीत "आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको" हा आग्रह इथूनच समजतो.

आणखी एक. त्या तहात कोणत्या सरदार-राजांशी इंग्रजांनी केलेले करार कायम राहतील, हे कलम मोघम होतं. त्यावरून गोहद (शेजारचं संस्थान) आणि ग्वाल्हेरचा किल्ला कोणाचा यावर इंग्रजांतच भांडण. आर्थर वेलस्ली आणि माल्कम म्हणत किल्ला शिंद्यांचा, मोठा भाऊ गव्हर्नर जनरल म्हणे नाही. किल्ला त्यांनी ठेवला. मग होळकरांनी लढा उभारला, भरतपूरला इंग्रज चार वेळा आपटले, कंपनीचं कर्ज वाढलं, गव्हर्नर जनरल बदलला. नोव्हेंबर १८०५ च्या नव्या तहात किल्ला आणि गोहद शिंद्यांना परत. लढले यशवंतराव, किल्ला मिळाला आपल्याला. (इंदूरचे लोक हा धागा वाचत असतील तर आभार.)

कलमवाचक
कायद्याचं थोडक्यात. व्हिएन्ना करार संहिता १९६९, कलम ५१: प्रतिनिधीवर जबरदस्ती करून घेतलेली सही निष्प्रभ. कलम ५२: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेविरुद्ध बळ वापरून किंवा धमकी देऊन मिळवलेला तह रद्दबातल. मुलं म्हणतील, मग काळजी कसली? काळजी अशी की रद्द ठरवणार कोण, आणि तोवर जमीन कोणाच्या ताब्यात?

देशांतर्गत अडचण जास्त खरी. युक्रेनच्या घटनेचं कलम ७३: प्रदेशातला बदल फक्त देशव्यापी सार्वमताने. कलम १५७: लष्करी कायदा लागू असताना घटना बदलता येत नाही. नाटोचं ध्येय २०१९ पासून घटनेत आहे. म्हणजे क्रम असा होतो: शस्त्रसंधी, लष्करी कायदा उठवणं, घटनादुरुस्ती, सार्वमत. आक्रमक या सगळ्या महिन्यांत जागेवर उभा. मसुद्यात "मंजुरी होईपर्यंत फौज इतके किलोमीटर मागे" हे नसेल तर सार्वमत बंदुकीच्या सावलीत होतं.

चंबळकाठ
आता वेळेबद्दल. लवकर की उशिरा, हा प्रश्न कॅलेंडरचा नाही. उद्या आपली बाजू आजच्यापेक्षा बरी असेल की वाईट, आणि समोरचा नेमकं काय देतोय, या दोन गोष्टी पाहायच्या.

इराण हे एकाच देशाचं दुहेरी उदाहरण आहे, म्हणून मला सगळ्यात आवडतं. २२ सप्टेंबर १९८० ला इराक घुसला. २८ तारखेला सुरक्षा परिषदेचा ठराव ४७९ आला: बळाचा वापर थांबवा. फौजा मागे घ्या असं त्यात नव्हतं. इराणने नाकारला. मानला असता तर इराक इराणच्या खुझेस्तान प्रांतातच बसून राहिला असता. २४ मे १९८२ ला इराणने आपलं खुर्रमशहर सोडवलं, जूनमध्ये इराकने युद्धबंदी आणि माघार पुढे केली. इराणने तेही नाकारलं आणि स्वतः इराकमध्ये शिरला. पुढची सहा वर्षं, ऑगस्ट १९८८ पर्यंत, लाखो माणसं. शेवटी जो ठराव, ५९८, स्वीकारला त्यात १९८२ पेक्षा फार काही वेगळं मिळालं नाही. पहिला नकार बरोबर, दुसरा घातक.

डेन्मार्क, १८६४: प्रशिया-ऑस्ट्रियाने हल्ला केला, लंडनच्या परिषदेत श्लेसविग या सीमेवरच्या प्रांताची फाळणी करून काही भाग वाचवता येत होता. डेन्मार्क अडून राहिला, जूनअखेर आल्स बेट गेलं, ऑक्टोबरच्या तहात सगळं गेलं. मदतीला कोणी येणार नाही हे परिषदेतच दिसत होतं.

ब्रेस्ट-लिटोव्हस्क, १९१८, जर्मनीशी बोलणी: रशियाच्या क्रांतिकारी सरकारचा ट्रॉट्स्की म्हणाला, लढणारही नाही आणि सहीही करणार नाही. १८ फेब्रुवारीला जर्मन पुढे निघाले, ३ मार्चला आधीपेक्षा कडक अटींवर सही. फौज नसताना वेळकाढूपणा चालत नाही.

मोरारकर
यात फिनलंड घाला. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी मॉस्कोने सीमेजवळच्या तेरियोकीत कुसिनेनचं बाहुलं सरकार उभं केलं. हेलसिंकीशी बोलायलाच नकार. दोन महिने रणांगणावर अडल्यावर, जानेवारीअखेर स्टॉकहोममार्गे दार उघडलं. म्हणजे कधी कधी लवकर बोलणं आक्रमण झालेल्याच्या हातातच नसतं. ते लढून मिळवावं लागतं.

तह १२ मार्च १९४० ला. व्हीपुरी शहरासह देशाचा दहावा हिस्सा गेला, चार लाखांहून जास्त माणसं घरं सोडून आली. ऑक्टोबर १९३९ च्या मागण्यांपेक्षा हे खूपच महाग. "तेव्हाच दिलं असतं तर" असं म्हणणारा भेटेलच. त्याला एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया दाखवा: त्यांनी १९३९ च्या शरदात न लढता तळ दिले आणि जून १९४० मध्ये तिन्ही देश गिळले गेले. फिनलंड उरला.

१९४४ मध्ये फिनलंड जर्मनीच्या जोडीने लढत होता, ती गोष्ट वेगळी, पण आकडा उपयोगी: वसंतात सोव्हिएतांनी मागितलेली भरपाई ६० कोटी डॉलर. फिनलंडने नाकारली, उन्हाळ्यात ताली-इहान्तालाला हल्ला रोखला, सप्टेंबरच्या शस्त्रसंधीत आकडा ३० कोटी.

नकाशेवाला
गोपाचलराव, प्रोजेक्टर असेल तर युक्रेनचे तीन नकाशे लावा: २४ फेब्रुवारीचा, २९ मार्चचा आणि ११ नोव्हेंबर २०२२ चा. मार्चमध्ये आहे तिथे रेघ आखली असती तर रशियन फौज कीव्हच्या वेशीवर, खेरसन शहर आणि खारकीव्हचा पूर्वभाग तिच्याकडे. नोव्हेंबरपर्यंत यातलं बहुतेक परत आलं होतं.

छावणीकर
मग चौथाही लावा, प्रामाणिकपणे. मारियुपोल मे २०२२ मध्ये गेलं, बाखमुत मे २०२३, अवदिइव्का फेब्रुवारी २०२४. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे संयुक्त सेनाप्रमुख जनरल मिलीच म्हणाले होते की हिवाळ्यात बोलण्याची संधी दिसली तर साधा. चंबळकाठ दादांच्या इराणच्या हिशेबाने युक्रेनचं खुर्रमशहर तेव्हाच येऊन गेलं, असं मी म्हणेन.

चंबळकाठ
जून १९८२ मध्ये इराकचा सद्दाम माघार देऊ करत होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये रशियाने काय देऊ केलं होतं? सहा आठवडे आधी, ३० सप्टेंबरला, त्याने चार प्रांत आपले म्हणून जाहीर केले आणि लगेच राज्यघटनेत घालून घेतले, खेरसन शहरासकट. स्वतःच्या घटनेत लिहिलेलं शहर तो टेबलावर कसं सोडणार, हे तुमच्या बाजूच्या मुलाला नक्की विचारलं जाईल. त्याचं उत्तर तयार ठेवा.

छावणीकर
विचारा. उत्तर असं: खेरसन शहर त्याने घटनेत असतानाच सोडलं, ११ नोव्हेंबरला, टेबलाशिवाय. घटना त्याला अडवत नव्हती, फौजेची स्थिती अडवत होती किंवा हलवत होती. बोलणी त्याच आठवड्यात सुरू झाली असती तर निदान क्रम आणि रेघ कोण ठरवतं, ते युक्रेनच्या हातात होतं.

गोपाचल
दोन्ही बाजूंच्या मुलांना ही शेवटची चार उत्तरं पाठवतो. परीक्षकांनाही. नकाशे कोणी मराठी नावांसह करून देईल का? गावांची स्पेलिंग मुलं हिंदी पेपरातून उचलतात आणि एकाच शहराचे तीन प्रकार होतात.

नकाशेवाला
चारही करतो. शनिवारी देतो. फक्त रंग सांगा, मंडळाच्या पडद्यावर मागच्या वर्षी लाल आणि केशरी एकसारखेच दिसत होते.